पायडलं हिराजीदादांकडे आहेत

सकाळी साडेसहाच्या सुमारास आमच्या वसईतल्या जूचंद्रात आलात, तर चांगली धडधाकट माणसं सायकली हातानं ढकलत नेताना दिसतील. टायरमध्ये हवा आहे, चेन जागेवर आहे, घंटी तर नवीकोरी आहे. फक्त पायडलं नाहीत. चोरी झाली असं समजून आरडाओरडा करू नका. पायडलं हिराजीदादांकडे आहेत.

हिराजी म्हात्रे सत्तरीच्या घरातले, बुटके आणि काटक. उभा जन्म सातिवलीच्या एका कारखान्यात फिटर म्हणून गेला आणि तोही रोज सायकलनं जाऊन-येऊन. आता गावदेवीच्या देवळामागच्या सिमेंटच्या पटांगणात ते फुकट सायकल शिकवतात. शिकायला आलेल्याचं ते नाव विचारत नाहीत, वयही विचारत नाहीत. खिशातून पाना काढतात आणि तुम्ही ‘अहो, अहो!’ म्हणेपर्यंत तुमची दोन्ही पायडलं सोडवून आपल्या मासळीबाजाराच्या पिशवीत टाकतात.

“पयला तोल, मंग पायडल!”

मग सीट खाली येते आणि माणूस दोन्ही पायांनी जमीन रेटत पटांगणभर फिरू लागतो. आमच्या इमारतीतले सावंत बँकेत साहेब आहेत. त्यांच्या केबिनच्या दारात लोकांची बोबडी वळते. ते सावंत पंधरवडाभर पहिलीतल्या पोरांच्या रांगेत बदकासारखे फताक फताक चालत होते. शेवटी पायडलं लवकर सुटावीत म्हणून त्यांनी दादांपुढे पेढ्यांचा पुडा धरला.

“पेढा नको,” दादा म्हणाले, “बिरेक दाब.”

आता परीक्षेबद्दल सांगतो. जूचंद्र हे रांगोळीचं गाव. इथली पोरं रांगोळीत माणसाचा चेहरा असा काढतात की त्याला नमस्कार करावासा वाटतो. दादा त्याच गावचे, पण ते देवादिकांच्या वाटेला जात नाहीत. ते रस्ता काढतात. पटांगणभर अख्खा रस्ता! त्यात दुभाजक, झेब्रा, उलट्या बाजूनं घुसलेली रिक्षा, मधोमध बसलेली गाय. आणि खड्डे तर असे की चालत जाणारी माणसंसुद्धा त्यांना वळसा घालतात. एकदा त्यांनी काढलेल्या कुत्र्यावर गावातलं खरं कुत्रं भुंकून भुंकून घसा बसवून गेलं होतं.

मागे वळून बघायचं, हात दाखवायचा, वळायचं आणि हा रस्ता जराही न पुसता पार करायचा. तसं जमलं तरच पायडलं परत. चाक कुठे घासलं की दादांची आरोळी आलीच.

“गाय मेली! उतर खाली, माफी माग!”

आणि बँकेचे साहेब सावंत खाली उतरून रांगोळीच्या गाईला हात जोडत. हे मी गॅलरीतून, चहाचा कप हातात घेऊन, डोळे भरून पाहिलं आहे.

दादांच्या या रस्त्यात एकच गोष्ट खटकायची. सगळं काळं-पांढरं. एवढा जिवंत हात आणि रंगाचा ठिपका नाही. मी एकदा विचारलं.

“रंगाचा खाता आमच्या मंडलीचा,” ते म्हणाले. “मी रेघ मारू, ती रंग भरी. ती गेली, खाता बंद.” आणि लगेच एका पोरावर ओरडले, “ए, घंटी काय वाजवतंस? आरती हाय काय?”

मुलगा त्यांना विरारला टॉवरमध्ये बोलावतो, पण ते जात नाहीत. म्हणतात, “सायकल लिफ्टमधून न्याची? ती काय म्हातारी झाली?”

तर या माणसाच्या तावडीत आमची सुनंदा सापडली. सुनंदा म्हणजे माझी बायको, वय वर्षं बावन्न. तिची शाळेतली मैत्रीण सिसिलिया पापडीला राहते. लहानपणी सिसिलिया सायकल हाकायची आणि ही मागे कॅरियरवर बसायची. त्या सिसिलियाच्या साठीला... नाही, चुकलो, बावन्नाव्या वाढदिवसाला (छापण्याआधी सुनंदा हे वाचणार आहे) आपण स्वतः सायकल चालवत तिच्या फाटकाशी जायचं आणि घंटी मारायची, असं हिनं ठरवलं.

सुनंदाचा हात साफ. महिन्याभरात तिनं रस्ता न पुसता पार केला. दादांनी खाली वाकून पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि म्हणाले, “उद्या.”

दुसऱ्या दिवशी रस्त्यावर म्हैस आली. सुनंदानं म्हैस टाळली. तिसऱ्या दिवशी म्हशीला रेडकू झालं. तेही टाळलं, तर पुढच्या वळणावर पाण्याचा टँकर उभा. मग वरात आली, घोडा आणि बँडवाल्यांसकट! सावंत आणि पोरंटोरं आपापली पायडलं घेऊन केव्हाच निघून गेली होती. पटांगणावर उरली होती एकटी सुनंदा, आणि तिच्यासाठी दादा रोज अख्खी वसई रस्त्यावर उतरवत होते.

वाढदिवसाच्या आदल्या दिवशी तिचा संयम सुटला.

“दादा, उद्या काय विमान उतरवणार आहात? पायडलं द्या.”

दादा पिशवीशी चाळा करत राहिले. “बाय, बाहेरचा रस्ता लय वंगाल हाय.”

“म्हणून तर इथे शिकले ना?”

दादांनी पिशवीतून पायडलं काढली, स्वतःच्या हातानं बसवली, आटे घट्ट केले, ब्रेक दाबून पाहिले. मग घंटीही एकदा वाजवून पाहिली, आरती नसताना.

वाढदिवसाला सुनंदा सायकल चालवत पापडीला गेली. मी मागून स्कूटरवर होतो. फाटकाशी दोन प्रौढ बायकांनी जो दंगा केला, त्यानं आजूबाजूच्या वाडीतल्या कोंबड्या पांगल्या. ते वर्णन इथे नको.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी सुनंदा चहा घेऊन माझ्याशेजारी गॅलरीत उभी राहिली आणि तिचा कप हातातच राहिला. पटांगणावर दादा एकटेच होते. रस्ता काढत होते. झेब्रा, खड्डे, रिक्षा, गाय, म्हैस, रेडकू, सगळं यथासांग. काढून झाल्यावर ते देवळाच्या पायरीवर बसले आणि वाटेकडे बघत राहिले. कुणी आलं नाही. मग उठून झाडू घेतला आणि सगळा रस्ता आपणच झाडून टाकला.

संध्याकाळी सुनंदा माझ्यासमोर पाना आपटून म्हणाली, “पायडलं काढा.”

दुसऱ्या दिवशी साडेसहाला आम्ही दोघं पटांगणावर. दादांची गाय नुकतीच काढून झाली होती. सुनंदानं दोन्ही पायडलं त्यांच्यापुढे धरली.

“दादा, तोल गेलाय माझा. पहिल्यापासून शिकवा.”

दादांनी पायडलं हातात घेतली आणि एक उजेडाकडे धरून बघितलं.

“डावा कोनी काढला?”

सुनंदानं माझ्याकडे बोट दाखवलं.

“डाव्याचा आटा उलटा असतो! मारलास ना आटा? शिकलेली मानसा!” त्यांनी मला भरपूर झापलं. मग ते पिशवीवर वाकले. पायडलं पिशवीत गेली आणि पिशवीच्या तळातून वर आली एक फडक्याची पुरचुंडी. गाठ इतकी जुनी होती की ती सोडवायला त्यांना दात लावावे लागले.

आत रंग होते.

“तोल गेलाय तर आज सायकल नको,” सुनंदाकडे न बघता ते म्हणाले. “बस खाली. गाईला रंग भर.”

“कुठला भरू?”

“तांबडा. आमच्या मंडलीची गाय तांबडीच असं.”

सुनंदा मांडी घालून बसली. चिमटीत रंग घेतला. दादा तिच्या डोक्यावर उभे राहिले, कमरेवर हात ठेवून.

“आनि रेघेच्या बाहेर गेलीस,” ते म्हणाले, “तर गाय मेली!”