सरूबाईंच्या नळाचे पाणी

इंगळेकाका कोणाच्या घरी गेले आणि समोर पाणी आले की लगेच पीत नाहीत. ते आधी खिशातून काचेची परीक्षानळी काढतात, तिच्यात पेल्यातले दोन बोटे पाणी ओततात, दुसऱ्या खिशातल्या बाटलीतून साबणाच्या द्रावणाचे पाच थेंब टाकतात, नळीच्या तोंडावर अंगठा दाबून ती दहा वेळा हलवतात आणि उजेडाकडे धरतात. तोपर्यंत यजमान रिकामा ट्रे धरून उभा असतो. फेस टिकला तर काका म्हणतात, "सुफेन." नाही टिकला तर, "दुष्फेन." निकाल काहीही लागला तरी पाणी ते पितातच.

देऊळगाव राजात आमच्या दोघांच्या घरांची मधली भिंत एक आहे. मी एका दैनिकाचे तालुक्याचे काम पाहतो. काका कॉलेजच्या रसायनशास्त्र प्रयोगशाळेत परिचर होते. "प्राध्यापक फळ्यावर शिकवत. पाणी मी तपासत होतो," असे ते सांगतात, आणि ते खरे आहे. निवृत्तीनंतर त्यांनी तपासणी माणसांपर्यंत वाढवली. चौकातला शिंपी सुफेन. बँकेतला नवा साहेब दुष्फेन. "कितीही हलवा, वर काहीच येत नाही बे त्याच्यात."

पुतण्यासाठी मुलगी पाहायला ते अमडापूरला गेले तेव्हा मी सोबत होतो. पोह्यांच्या आधी पाणी आले आणि नळी निघाली. मुलीच्या वडिलांना हा हुंड्याचा काही नवा प्रकार वाटला असावा. त्यांचा चेहरा उतरला. काकांनी नळी धरली, पाहिली आणि समाधानाने मान हलवली. मग मुलाच्या आईकडे, म्हणजे स्वतःच्या भावजयीकडे वळून सर्वांसमक्ष म्हणाले, "इथलं पाणी सुफेन हाय. आपल्याकडचं जड. पोरीची डाळ शिजली नाही तर पोरीले बोलायचं नाही. आत्ताच कबूल कर."

भावजय म्हणाली, "अहो भाऊजी, अजून पोरगी बाहेर तर येऊ द्या."

लग्न ठरले. ती अट याद्यांमध्ये लिहून घ्यावी, असाही काकांचा आग्रह होता.

या आग्रहाचे मूळ त्यांच्या स्वयंपाकघरात आहे. कौसल्याकाकू लग्न होऊन आल्या त्या आठवड्यात घरी पाहुणे होते. काकूंनी वरण केले. डाळ शिजली नाही. वर पाणी, खाली डाळ, अशी ताटात बसली. काकांच्या आई सरूबाई पाहुण्यांदेखत म्हणाल्या, "सुनेच्या हातात वरण नाही." वाक्य लहान होते म्हणून घरात टिकले. काकाही ते म्हणू लागले, आधी रागाने, पुढे सवयीने. काकूंची भाकरी, भरीत, ठेचा यांना कोणी नाव ठेवले नाही. पण पाहुणे आले की वरणापुरती बाजारगल्लीतली जाऊ बोलावली जाई. ती तिच्या घरून, तिच्या विहिरीच्या पाण्यात शिजवलेले वरण झाकून आणत असे. हे तीस वर्षे चालले. कुकर आला तरी चालले. सरूबाई वारल्या तरी चालले.

दोन वर्षांपूर्वी नळ बारा दिवस आला नाही. काकूंनी विकतच्या जारचे पाणी घेऊन डाळ लावली. काका जेवायला बसले आणि पहिल्या घासालाच थांबले. डाळ लोण्यासारखी झाली होती.

"बाजारगल्लीच्या वहिनी आल्या होत्या का?"

"कोणी नाही आलं. मीच केली."

काका उष्ट्या हाताने उठले. जुन्या पेटीतून परीक्षानळी काढून त्यांनी जारचे पाणी तपासले, मग पिंपाच्या तळाशी उरलेले नळाचे. तीस वर्षे त्यांनी विद्यार्थ्यांच्या टेबलावरचे पाणी तपासले होते. घरातले कधीच नाही. तेव्हापासून नळी त्यांच्या खिशात आहे.

त्यांनी काकूंना तिथेच सांगितले, "पाणी जड हाय. दोष पाण्याचा हाय." काकू "हं" म्हणाल्या आणि पानात भाजी वाढली.

या "हं"ने काका हैराण झाले. "तिचा माह्या नळीवर भरोसा नाही," ते मला म्हणाले. "सरकारी कागद पाहिजे. शिक्क्याचा."

दोन लिटरची बाटली मांडीवर घेऊन ते एसटीने बुलढाण्याच्या प्रयोगशाळेत गेले. पहिल्या वेळी बाटली शीतपेयाची म्हणून परत पाठवले. दुसऱ्या वेळी अर्ज नव्हता. तिसऱ्या वेळी मी सोबत होतो. खिडकीतल्या कारकुनाने अर्ज वाचला.

"नळधारक, सरूबाई गणपत इंगळे. या कुठे आहेत?"

"वारल्या."

"मग नळ तुमच्या नावावर करून घ्या. त्यानंतर नमुना आणा."

"नाव बदलणार नाही. कागद तिच्याच नावानं पाहिजे."

"काका, मेलेल्या माणसाला अहवाल कसा देणार?"

"मेलेल्या माणसाले पाणीपट्टी कशी येते मंग?"

मागच्या रांगेत हसू उठले. नमुना घेतला गेला नाही. परतीच्या गाडीत मी विचारले, नावासाठी एवढा हट्ट कशाला? नगरपरिषदेत अर्ज दिला की काम होते. काका खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "बोलली कोण? तीच. उत्तर बी तिच्याच नावानं आलं पाहिजे. मी नुसती तिची री ओढली. माह्या नावाचा कागद कौसल्याच्या काय कामाचा?"

ते आणखी दोनदा गेले. पाचव्या खेपेला एका तपासनीस बाईंनी नळजोडणीचे जुने पत्र पाहून नमुना ठेवून घेतला.

अहवाल आला तेव्हा काका थेट माझ्याकडे आले. "चल. तू वाच. मी वाचलं तर ती म्हणीन, मनानं बनवून सांगतो."

काकू ओट्याशी मेथी निवडत होत्या. मी वाचले. नळधारकाचे नाव सरूबाई गणपत इंगळे. नमुना नळाच्या पाण्याचा. कठीणपणा मर्यादेपेक्षा जास्त. खाली सही आणि शिक्का.

काका म्हणाले, "ऐकलं ना वं? आता तरी पटलं? मायची चूक होती. माही बी."

काकूंनी हातातली जुडी खाली ठेवली नाही. "मले काय सांगता? पाणी भरत कोण होतं? भांड्याले पांढरा थर बसे, तो मी घासत होती. मले पहिल्या वर्षीच समजलं."

"मंग बोलली काऊन नाही?"

"इचारलं का तुम्ही?"

काकूंनी चार काड्या मोडल्या आणि आवाज न बदलता पुढे सांगितले, "आणि मायले काही बोलू नका आता. आजारी होत्या तेव्हा एक दिवस मलेच म्हणाल्या होत्या. त्यायच्या सासूनं त्यायलेही हेच ऐकवलं होतं. याच घरात. त्यायलेही वाटे, हातातच नाही आपल्या. तसंच समजून गेल्या त्या."

बाहेर कोणीतरी हंडा आपटला. काकांनी माझ्या हातातला कागद घेतला, नावाच्या ओळीवर अंगठा ठेवला आणि बराच वेळ तो हलवला नाही. मग कागद मला परत दिला.

"पुन्हा वाच," ते म्हणाले. "नावापासून."

मी नावापासून वाचले.