पहिली बरी की दुसरी

हेतलच्या साखरपुड्याचा मुहूर्त सव्वाअकराचा होता आणि अकरा वाजून पाच मिनिटांनी साउंडवाल्याचा पेनड्राइव्ह बंद पडला. पुरुषोत्तमनगरच्या कॉलनीत, क्वार्टरसमोरच्या मांडवात अडीचशे माणसं बसली होती. कारखान्याचा हंगाम जोरात असल्यामुळे हवेला मळीचा वास होता. त्याची सगळ्यांना सवय होती, पण सनई मध्येच थांबलेली मात्र सगळ्यांच्या लक्षात आली.

"काका, तुम्हना फोन जोडी देऊ का?" साउंडवाल्याने विचारलं.

मुलीचा बाप हेमकांत कारखान्याच्या शेतकी खात्यात होता. त्याने फोन दिला, साउंडवाल्याने तो ब्लूटूथने जोडला, फोनमधली सनई चारही बॉक्समधून सुरू झाली आणि फोन हेमकांतच्या खिशात परत आला. इथपर्यंत सगळं ठीक होतं.

दोनच मिनिटांत खिशात फोन थरथरला. दानियलचे चार व्हॉइस मेसेज एकदम आले होते. दानियल नवापूरहून एसटीने निघाला होता आणि वाटेत रेंज येत-जात असल्यामुळे त्याचं बोलणं असं साठून साठून येत होतं. चार मेसेज म्हणजे दानियल चिडला होता. तो का चिडला असेल हे हेमकांतला ठाऊक होतं, आणि म्हणूनच त्याला राहवेना.

या दोघांचं भांडण अठ्ठावीस वर्षांचं होतं. धुळ्याच्या वसतिगृहात ते एका खोलीत राहायचे. दानियल सुटीत घरी गेला की चर्चमध्ये गिटार वाजवायचा. तिथल्या मिशन दवाखान्यात इंग्लंडची एक नर्स वर्षभरासाठी आली होती. ती परत जाताना दानियलला दोन कॅसेटी देऊन गेली. बँडचं नाव 'द वेट मंडेज'. ओले सोमवार. चार पोरं, तीन गिटार आणि एक ड्रम. त्या बँडला इंग्लंडात फारसं कोणी विचारलं नव्हतं, पण धुळ्यातल्या खोली नंबर बावीसमध्ये त्याच्यावरून जेवणं थंड झाली होती. दानियलचं म्हणणं, पहिली कॅसेट खरी. साध्या खोलीत बसून चार जणांनी वाजवलेली. हेमकांतचं म्हणणं, पहिलीत नुसता सराव आहे, बँड उभा राहिला तो दुसरीत, जिथे गिटारच्या मागून व्हायोलिनं येतात. शिक्षण संपल्यावर त्यांनी कॅसेटी वाटून घेतल्या. पहिली दानियलकडे गेली, दुसरी हेमकांतकडे आली. पुढे दानियल नवापूरकडच्या एका शाळेत मास्तर झाला, भेटी वर्षाकाठी एकावर आल्या, पण वाद पोस्टकार्डावरून फोनवर आणि फोनवरून व्हॉट्सअ‍ॅपवर नेमाने येत राहिला. त्या दिवशीसुद्धा, मुलीचा साखरपुडा असताना, हेमकांतने पहाटे सहाला उठून दानियलला लिहिलं होतं की पहिली ऐकवतसुद्धा नाही.

तर हेमकांत मांडवाच्या कडेला, मठ्ठ्याच्या पिंपाजवळ गेला, पहिला मेसेज दाबला आणि फोन कानाला लावला. कानात काहीच ऐकू येईना. त्याने आवाज वाढवला.

"हेमकांत," दानियलचा मास्तरी आवाज मांडवाच्या चारही कोपऱ्यांतून आला, "तुझं वाचलं आणि वाईट वाटलं. पहिलीला तू इतका विसरशील असं वाटलं नव्हतं."

सगळा मांडव वर बघू लागला. हेमकांतही वर बघू लागला, कारण आवाज कुठून येतोय हे त्यालाही क्षणभर कळलं नाही. तेवढ्यात पहिला मेसेज संपून दुसरा आपोआप सुरू झाला.

"दुसरीत आहे काय? नुसतं नटणं-मुरडणं. पहिली साधी होती, पण तिच्यात जीव होता. धुळ्याला खोलीवर आणली तेव्हाचं आठव. रेक्टरपासून लपवून ठेवली होती आपण. पहिल्या रात्री तर तू रडला होतास."

हेमकांत फोनवर जिथे जमेल तिथे बोट दाबत होता. घामाचं बोट काही लागू होईना.

"आता म्हणतोस, दुसरीशिवाय करमत नाही. घरात सगळे झोपले की तुझं आपलं दुसरीच. वय काय, पोरीचं लग्न ठरलं, जरा तरी..." इथे चौथा मेसेज लागला. "असू दे. नंदुरबार सोडलं. मी पहिलीला बरोबर घेऊनच येतोय. आज सगळ्या पाहुण्यांसमोर काय ते होऊन जाऊ दे."

याच वेळी फोन हेमकांतच्या हातातून निसटला आणि मठ्ठ्याच्या पिंपात पडला. मांडवात अशी शांतता झाली की कारखान्याची क्रेन ऐकू येऊ लागली.

नवऱ्या मुलाचे वडील रूपचंदभाई अंगठीची डबी हातात घेऊन उभे होते. तापीकाठी केळीची मोठी शेती, बोलणं मोजकं. त्यांनी डबी मिटली.

"हेमकांतभाऊ, ही दुसरी कोण शे?"

"बाई नाही हो ती, रूपचंदभाई. कॅसेट आहे."

पाहुण्यांतले एक म्हातारबाबा शेजाऱ्याकडे वळले. "तिनी कॅसेट बी काढेल शे म्हने."

"तसली नाही," हेमकांत म्हणाला. "इंग्लंडची आहे."

"इंग्लंडनी शे," ही बातमी बायकांच्या बाजूला पोचली.

"तिथली आहे, पण गेली अठ्ठावीस वर्षं माझ्याचकडे असते. कपाटात."

"कपाटमा कोंडी ठेवेल शे?" म्हातारबाबांनी विचारलं. त्यांच्या आवाजात आता खरीच काळजी होती.

हेमकांतची आई, जसोदाबाई, खुर्चीवरून उठून मुलासमोर आली. "इतला वरीस माले बी सांगं नही तू," ती म्हणाली आणि परत जाऊन बसली. तिच्या त्या एका वाक्यानंतर कॅसेटवर कोणाचाच विश्वास राहिला नाही.

नवरा मुलगा दिग्विजय पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत होता. होणाऱ्या सासऱ्याला वाचवावं म्हणून त्याने आपल्या फोनवर बँडचं नाव शोधलं. फोनने त्याला येत्या सोमवारच्या पावसाचा अंदाज दाखवला. त्याने तो वडिलांना दाखवला नाही.

रूपचंदभाई रागावले असते तर बरं झालं असतं. ते खाली बसले आणि हळू आवाजात बोलू लागले. "मन्ही मोठी बहीण शे. तिना नवरानी दुसरी करी. सगळास्ले माहीत व्हतं, कोनी बोलनं नही. लगीनमा जेवीसन गयात सगळा. मी बी लहान व्हतो, मी बी जेवनू." ते थांबले. "आते मी न बोलता जेवाव नही. तो मानूस पहिलीले लईसन येई ऱ्हायना ना? येऊ द्या तिले. मग देखू."

या माणसाच्या घरात आपली मुलगी सुखी राहील असं हेमकांतला पहिल्यांदाच अगदी खात्रीने वाटलं, आणि त्याच क्षणी ते लग्न मोडण्याच्या बेतात होतं. हेतल स्टेजवर मेंदीच्या हातांनी बसली होती आणि बापाकडे अशी बघत होती की त्याने मठ्ठ्याच्या पिंपाकडे बघणं पसंत केलं.

त्याची बायको कामिनी स्वयंपाकाच्या बाजूला खुर्चीवर बसली होती. तिच्याभोवती सात-आठ बायका जमल्या होत्या. एक पाणी देत होती, एक पदराने वारा घालत होती. कामिनी काहीच बोलत नव्हती. तिचं ते न बोलणं बघून आणखी दोघींचे डोळे भरून आले.

मुहूर्त टळला. भटजी म्हणाले, पुढचा बारा पन्नासचा आहे.

बारा वाजता रस्त्यावर रिक्षा थांबली. दानियल मागे बांधलेली गिटार सोडवत राहिला आणि त्याची बायको एस्तेर पुढे मांडवात आली. निळी रेशमी साडी, हातात पिशवी, चेहऱ्यावर लग्नघरात शिरतानाचं हसू. हेमकांत सोडून तिथे तिला कोणी पाहिलेलं नव्हतं, आणि हेमकांत त्या वेळी मांडवामागे नेलेल्या पिंपात मोठ्या डावाने फोन शोधत होता.

जसोदाबाई तिच्यासमोर गेली. "तूच पहिली का, बाई?"

एस्तेरला वाटलं, नवापूरच्या पाहुण्यांबद्दल विचारताहेत. "हो आजी, मीच पहिली," ती म्हणाली. "बाकीचे मागून येताहेत."

मांडव हादरला. "बाकीन्या?" म्हातारबाबा म्हणाले आणि बोटं मोजू लागले. रूपचंदभाईंनी टोपी डोक्यावर ठेवली, दिग्विजयला डोळ्यांनी खूण केली आणि ते उठले. इतक्यात दानियल गिटार सांभाळत आत आला. हेमकांत ओला फोन हातात घेऊन मांडवामागून धावत आला. दानियलला कुणाकडे बघायची उसंत नव्हती. नवापूरपासून तो मनात वाक्यं जुळवत आला होता. त्याने खिशातून एक कॅसेट काढून वर धरली.

"ही बघ पहिली. आता आण तुझी दुसरी."

रूपचंदभाई थांबले. त्यांनी दानियलच्या हाताकडे पाहिलं, एस्तेरकडे पाहिलं, परत हाताकडे पाहिलं. "ही पहिली?"

"हो. आणि हिच्यासारखी नाही," दानियल म्हणाला. मग त्याला मांडवातले चेहरे दिसले. "काय झालं?"

हेमकांत घरात पळाला आणि कपाटातून दुसरी घेऊन आला. दोन्ही कॅसेटी नारळाच्या ताटाशेजारी ठेवल्या गेल्या. म्हातारबाबा उठून आले आणि त्यांनी दुसरी उलटीपालटी करून पाहिली. "एवढीशी शे," ते म्हणाले, जरासे निराश होऊन.

पण रूपचंदभाई पक्के माणूस होते. "वाजाडा," ते म्हणाले.

जसोदाबाईचा भजनाचा टेपरेकॉर्डर बाहेर आला. साउंडवाल्याने त्याच्यासमोर माइक धरला. आधी पहिली लागली, मग दुसरी. अडीचशे माणसांनी आयुष्यात प्रथमच ओले सोमवार ऐकले, तेही सक्तीने आणि मन लावून, कारण त्यावर एक लग्न अवलंबून होतं. एक बारीक आवाजाचा पोरगा काहीतरी मागत होता आणि गिटारी त्याला देत नव्हत्या. हेमकांत आणि दानियल हात बांधून शेजारी शेजारी उभे होते. व्हायोलिनं आली तसं हेमकांतने दानियलच्या कोपराला हळूच ढोसलं. दानियलने मान हलवली नाही, पण कोपरही काढून घेतलं नाही. दोघांचे केस पांढरे झाले होते हे त्या गाण्यापुरतं खरं नव्हतं.

गाणं संपल्यावर रूपचंदभाईंनी डबी उघडली. मग त्यांना काही आठवलं आणि ते कामिनीकडे गेले.

"वहिनी, तुम्हले हाई माहीत व्हतं?"

"पहिला शब्दलेच समजनं माले," कामिनी म्हणाली. "पंचवीस वरीस ऐकी ऱ्हायनू मी हाऊ वाद."

"मग बोलन्या का नही?"

"माले कोनी इचारंच नही. सगळा मन्हाकडे देखीसन चूप बठनात." तिने पदर सारखा केला. "पंचवीस वरीसमा पहिल्यांदा पाहुणास्मा मी बठेल व्हती अन दुसरा पाणी दी ऱ्हायंतात. म्हनं, बसू जराशी."

वारा घालणाऱ्या बाईने पदर खाली केला. रूपचंदभाई कितीतरी वेळाने हसले.

बारा पन्नासला अंगठी घातली गेली. पंगत बसली. मठ्ठा सोडून सगळं वाढलं गेलं.

जेवणं उरकल्यावर घरात हेमकांत आणि दानियल कॅसेटी समोर ठेवून परत जुंपले होते. एवढ्या लोकांनी ऐकलं, कोणाला काय आवडलं याची शिरगणती चालली होती. एस्तेर कंटाळून म्हणाली, "वहिनी, तुम्हीच सांगा बाई एकदा. पहिली की दुसरी?"

"तिसरी," कामिनी म्हणाली.

तिसरी होती. नव्व्याण्णव साली त्या नर्सने ती पोस्टाने पाठवली होती. गिटारींच्या जागी पेटीसारखं काहीतरी वाजत होतं. दोघांनी अर्धी ऐकली आणि बँड संपला असं ठरवलं. पुढे दानियलने ती हेमकांतच्या लग्नात आहेर म्हणून देऊन टाकली. तिचं पुढे काय झालं हे दोघांनी कधी एकमेकांना विचारलं नव्हतं.

कामिनी आत गेली आणि कुंकवाच्या पेटीतून कॅसेट घेऊन आली. एस्तेर मास्तरीणबाई, म्हणून ती तिच्याशी शाळेतलं मराठी बोलू लागली. "मी नवी आले तेव्हा यांचा हंगाम होता. सकाळी जायचे ते अंधार पडल्यावर यायचे. कॉलनीत कोणी ओळखीचं नाही. दुपारी ही लावायची मी. भाषा कळत नव्हती. पण तो मुलगा घर सोडून कुठेतरी लांब आलाय, एवढं कळायचं."

हेमकांतने बायकोकडे पाहिलं. त्याच्या घरात, त्याच्याच टेपवर, तो नसताना कोणी ऐकत होतं. त्याने कॅसेट घेतली आणि लावली. दानियल मान खाली घालून ऐकत होता. पेटीसारखं वाजणारं ते काहीतरी हळूहळू खोलीत भरत गेलं. दुसऱ्या गाण्याला दानियलने चष्मा काढून पुसला.

"दुसरीपेक्षा बरी आहे," तो म्हणाला.

"पहिलीपेक्षा तर नक्कीच," हेमकांत म्हणाला.

"पहिलीचं नाव घेऊ नकोस."

"मग तू दुसरीचं कशाला घेतलंस?"

कामिनीने पुढे होऊन बटण दाबलं आणि कॅसेट काढून घेतली.

"पुरे," ती म्हणाली. "रोज ऐकी तर झिजी जाई." आणि ती आत निघून गेली.