टाच तेवढी खरी

जावयाने शब्द मोडला, ही थोरलीची तक्रार होती. आणि थोरलीची तक्रार म्हणजे घरात निकालच. शाळा तिची चौथीतच सुटली होती, पण माणूस वाचायला तिला चष्मा लागत नसे.

तिची धाकटी बहीण जन्माची बहिरी, ठेंगणी, रंगाने काळी आणि खांद्यांनी दाराएवढी. कराटेत तिने भल्याभल्यांना लोळवलं होतं. तिच्या वर्गात झुंजीआधी लाकडी जमिनीवर तीनदा टाच आपटायची रीत होती. हादरा तळव्यातून चढला की धाकटीला कळायचं, समोरचा तयार आहे. धाकटी वारल्यावर थोरलीचा सिनेमावाला जावई तिच्या आयुष्यावर सिनेमा काढायचा कागद घेऊन आला. थोरलीने एकच अट घातली: धाकटीचं काम तिच्या चेलीनेच करायचं. चेलीही बहिरी, काळी, ठेंगणी, आणि गुरूचे सगळे डाव अंगात भिनलेली.

"तुमचा शब्द, माझी सही," थोरली म्हणाली. जावयाने शब्द दिला आणि सही नेली.

जावयाच्या सिनेमा कंपनीत एक प्रतिनिधित्व समिती होती. सर्व थरांना पडद्यावर न्याय मिळावा, हा तिचा उद्देश. सदस्य पाच, पाचही एकाच कॉलेजातले, त्यातले दोघे साडू. भिंतीवर तक्ता लावलेला: काळे, बुटके, बहिरे. रकान्यात खूण पडल्याशिवाय कॅमेरा चालू करायला परवानगी नव्हती.

"आई, तांत्रिक अडचण आहे," जावई म्हणाला. "तुमची चेली एकटीच तीन रकाने अडवते. एका माणसाला एकच रकाना. नाहीतर बाकीच्यांवर अन्याय होतो."

"मग माझ्या बहिणीचे काय तीन तुकडे करणार?"

"साधारण तसंच ठरलंय."

त्याप्रमाणे धाकटीचं काळेपण खलनायिकेला गेलं, बुटकेपण विनोदी पोस्टमनला, आणि बहिरेपण पहिल्याच प्रसंगात मरणाऱ्या आजोबांना. सगळे रकाने भरले. खुद्द धाकटीसाठी रकाना उरला नाही, म्हणून ती उंच, गोरी आणि स्वच्छ ऐकू येणारी झाली. नायिकेला नियमानुसार संवेदना-प्रशिक्षण मिळालं: दोन दिवस कानात कापूस. पहिल्याच दुपारी फोन वाजलेला कळला नाही, म्हणून प्रशिक्षण यशस्वी ठरवून कापूस काढण्यात आला.

पण नायिकेचा पाय गुडघ्याच्या वर जाईना. तेव्हा चेलीला बोलावणं आलं. लाथा चेलीच्या, तोंड नायिकेचं. टाच आपटायचा प्रसंग आला, तर टाचही चेलीचीच. ती काळी दिसते म्हणून तिला पावडर फासली, आणि समितीने तक्त्याखाली नवी नोंद केली: 'अवयव-सहभाग, एक.'

संध्याकाळी चेली थोरलीकडे आली. हातांनी खुणा करून तिने विचारलं, "माझं तोंड कधी घेणार?"

"घेतील. शब्द दिलाय," थोरलीने खुणेनेच सांगितलं. खोटं बोलताना तिचे हात पहिल्यांदाच अडखळले.

सिनेमाला सर्वसमावेशकतेचं पहिलं बक्षीस मिळालं. समारंभात नायिका डोळे टिपत म्हणाली, "ज्यांना आवाज नाही, त्यांचा आवाज मी झाले." पाचशे माणसं उभी राहिली. टाळ्यांचा कडकडाट झाला. थोरलीचेही हात आपोआप वाजू लागले. सगळे वाजवतात म्हणून शेजारची चेलीही वाजवत होती. भाषण खुणांनी सांगणाऱ्या बाईची खुर्ची समितीतल्या एका साडूला दिली होती, त्यामुळे चेलीला काहीच कळलं नव्हतं.

चेलीने टाळ्या थांबवून खुणेने विचारलं, "कोण जिंकलं?"

थोरलीचे हात जागच्या जागी गोठले. तिने चप्पल काढली आणि सभागृहाच्या लाकडी जमिनीवर टाच आपटली. एकदा, दोनदा, तीनदा. टाळ्यांच्या गोंगाटात कुणाचीही मान वळली नाही. चेली तेवढी झुंजीला उभी राहावी तशी ताठ झाली.

तेवढ्यात बक्षिसाची बाहुली मिरवत जावई आला. "आई, कसं वाटलं?"

"जावईबापू," थोरली सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अख्खं वऱ्हाड जमवलंत आणि नवरीला दाराबाहेर ठेवलंत. तुम्ही लबाड, हे मला सही करतानाच कळायला हवं होतं. पण आम्ही पाचशे जण पोटभर जेवलो, आणि 'नवरी किती छान होती' म्हणत घरी निघालोय. आमच्यासाठी पण एक रकाना काढा: टाळ्या वाजवणारे."