डिझेल वाढलं

मनुष्याची प्रगती त्याच्याकडच्या भांड्याच्या आकारावरून मोजली जाते, असं माझं दीर्घ निरीक्षणानंतरचं मत आहे. माझ्या लहानपणी घरात पाण्याचा रांजण होता. मग पिंप आलं, मग गच्चीवर काळी टाकी आली. पाणी तेवढंच येत राहिलं (उन्हाळ्यात तेवढंही नाही), पण दर वेळी आम्ही एक पायरी वर चढलो असं शेजारीपाजारी मानू लागले. तेव्हा आर्णीतल्या आमच्या टोचनगाडीला मोठी डिझेलची टाकी बसवण्यात आली, ही घटना घरगुती नसून ऐतिहासिक आहे. तिचा वृत्तान्त कोणीतरी लिहायला हवा होता. बाकीच्यांना मोबाइलमधून सवड नाही, म्हणून मी लिहिते आहे.

रस्त्यात बंद पडलेली गाडी दुसऱ्या गाडीला बांधून ओढत नेणे, याला आमच्याकडे टोचन म्हणतात. माझे धाकटे दीर नानाजी यांनी एक जुना ट्रक घेऊन त्याच्या पाठीवर लोखंडी घोडी आणि आकडा बसवला आणि टोचनाचा धंदा सुरू केला. बिघडलेले ट्रॅक्टर, पाटा तुटलेल्या जीपा, कापसानं फुगलेले टेम्पो, सगळे आमच्या आकड्याला लटकून गावात आले आहेत. या धंद्याला परवाना लागतो, साखळी लागते, पण त्याहून एक गोष्ट जास्त लागते: टोचनगाडी स्वतः कधी टोचनावर येता कामा नये. न्हाव्याला टक्कल पडलं तर लोक चालवून घेतात, डॉक्टर खोकला तरी समजून घेतात. टोचनगाडीला मात्र ही सवलत नाही.

गाडी चालवतो हरिसिंग. जवळच्या तांड्यावरचा आहे, आणि इतकी वर्षं दुपारची भाकरी आमच्याकडे खातो आहे की त्याची बायको लालीबाई मला याडी, म्हणजे आई म्हणते. भाकरीबरोबर त्यानं आमच्या घरचं वळणही उचललं.

ते वळण असं. आमच्या घरात 'संपलं' हा शब्द उच्चारायला बंदी आहे. ती मला सासूबाईंनी घातली, त्यांना त्यांच्या सासूबाईंनी. आमच्याकडे तांदूळ संपत नाहीत, वाढतात. मीठ वाढतं, तेल वाढतं. बांगडी फुटत नाही, वाढते. दिवा विझवत नाहीत, वाढवतात. (सासूबाई गेल्या तेव्हा काय म्हणावं यावर थोडा वेळ घोटाळा झाला होता.) या शिस्तीमुळे आमच्या घरात आजवर एकही वस्तू संपलेली नाही. दुष्काळातसुद्धा नाही. त्या साली तर सगळंच वाढलं होतं.

पुरुषांना ही शिस्त लागू नव्हती, कारण ते स्वयंपाकघरात फक्त जेवायला येत. हरिसिंगनं मात्र ती माझ्याकडून घेतली आणि थेट गाडीत नेली. ड्रायव्हरनं तोंडातून अभद्र काढू नये, असं त्याचं म्हणणं होतं. मला त्याचं फार कौतुक वाटलं. आजकाल कोण कोणाचं ऐकतं?

तर एका दुपारी हरिसिंग दारव्ह्याच्या पलीकडून एक टेम्पो ओढून आणत होता. वाटेत त्यानं नानाजींना फोन केला.

"मालक, डिझेल वाढलं."

आता आमचं स्वयंपाकघर सोडून उरलेल्या महाराष्ट्रात या वाक्याचा अर्थ डिझेलचा भाव चढला असा होतो. नानाजी पेपर वाचणारे आहेत. ते म्हणाले, "वाढू दे. आपल्या हातात काय हाय?"

"पूरं वाढलं न मालक."

"ते काही आपल्याले इचारून वाढवत नाहीत, हरिसिंग," नानाजींनी समजूत घातली आणि फोन ठेवला. हरिसिंगनं पुन्हा लावून पाहिला, पण तेवढ्यात त्याच्या फोनची बॅटरीही वाढली.

त्या दिवशी दारव्ह्याचा आठवडी बाजार होता. दारव्ह्यात शाम नावाचा माणूस टोचनाचाच धंदा करतो, त्याची गाडी आमच्याहून नवी आहे. तो नेमका तिथून चालला होता. त्यानं आमची गाडी आपल्या आकड्याला लावली. पुढे शामची गाडी, तिच्यामागे आमची गाडी, आमच्या गाडीमागे तो टेम्पो, अशी ही आगगाडी भर बाजारातून गेली. माझ्या माहेरची, दारव्ह्यावरून जाणारी छोट्या लाइनीची रेल्वे बंद झाल्यापासून दारव्ह्यानं एवढी लांब गाडी पाहिली नव्हती. लोकांनी भाजी घेणं थांबवलं. काहींनी हात जोडले.

ही बातमी आर्णीला गाडीच्या आधी पोहोचली. नानाजी दोन दिवस पानटपरीवर गेले नाहीत. तिसऱ्या दिवशी ओट्यावर चार माणसं जमवून त्यांनी सगळ्यांसमक्ष सांगितलं, "पुन्हा एकदा जर ही गाडी टोचनावर गावात आली, तर हरिसिंग, तू तुह्या तांड्यावर अन् गाडी भंगारात."

हरिसिंगनं मान खाली घातली. त्याला दुसरी गाडी येत नव्हती असं नाही, पण या वयात दुसरा मालक येत नव्हता. संध्याकाळी लालीबाई आली आणि चुलीजवळ बसली. मी चहा दिला. जाताना ती एवढंच म्हणाली, "याडी, तो खोटं नाही बोलला. त्यानं फोन केलता."

त्यानं फोन केला होता हे चौकशीतही निष्पन्न झालं. चौकशी वामनरावांकडे होती. ते एका सरकारी कचेरीतून निवृत्त झाले आहेत आणि अजून तिथलंच बोलतात. त्यांनी हरिसिंगला विचारलं की सदर प्रसंगी तू मालकास काय कळवलंस. हरिसिंग म्हणाला, डिझेल वाढलं म्हणून कळवलं. नानाजी म्हणाले, होय, कळवलं, अगदी वेळेवर कळवलं. दोन्ही पक्षांचे जबाब अक्षर न् अक्षर जुळल्यामुळे वामनरावांना फार समाधान वाटलं. असं त्यांच्या नोकरीत कधी घडलं नव्हतं. मी आतून ऐकत होते. घोळ कुठे आहे हे मला पहिल्या वाक्यालाच कळलं होतं, पण मला कोणी विचारलं नाही. आणि न विचारता डिझेलवर बोलायची रीत आमच्या घरात बायकांना नाही.

निष्कर्ष असा निघाला की ज्या अर्थी डिझेल वारंवार वाढतं, त्या अर्थी ते वाढण्याआधी भरून ठेवणं इष्ट. ज्या अर्थी भरून ठेवायचं, त्या अर्थी टाकी मोठी पाहिजे. ओट्यावरच्या दहांपैकी अकरा जणांनी याला संमती दिली. (एक जण दोनदा बोलला.)

टाकी एका भंगारात निघालेल्या भल्यामोठ्या ट्रकची मिळाली. लांबलचक, चकचकीत, म्हैस आडवी झोपावी एवढी. यवतमाळजवळच्या लोहाऱ्याला एका मिस्त्रीच्या शेडमध्ये ती बसवायचं ठरलं. मला यवतमाळला डोळे दाखवायचे होते म्हणून मीही गाडीतून गेले, आणि त्यामुळे हे शास्त्र मला जवळून पाहता आलं.

टाकी बसेना. म्हणून आधी स्टेपनी काढली, कारण पंक्चर रोज होत नाही, डिझेल रोज लागतं. मग हत्यारांची पेटी काढली, कारण मोठी टाकी असलेली गाडी बिघडेल कशाला? मग जॅक काढला, कारण स्टेपनीच नाही तर जॅकचं काय काम? शेवटी साखळीचं खोकं आडवं येत होतं. नानाजींनी क्षणभर विचार केला आणि तेही काढायला सांगितलं, साखळी काय, घरी ठेवू आणि लागेल तेव्हा नेऊ. अशा रीतीनं टोचनगाडीत टोचन सोडून सगळीकडे डिझेल झालं. (साखळी पोटात घेऊन स्टेपनी आमच्या ओसरीत आली. तिच्यावर वड्या फार छान वाळतात.)

एक किरकोळ बाब राहिली. टाकीतून इंजिनाकडे डिझेल ओढून नेणारा पाईप. मिस्त्री म्हणाला, "नानाजी, टाकी खोल हाय. जुना पाईप अर्ध्यावरच राह्यते, तळाले पोचत नाही. नवा टाकू का?"

नानाजींनी जुना पाईप हातात घेतला, पुसला. म्हणाले, "हा पाईप आपल्याले लाभला हाय. हाच टाक."

माझे डोळे भरून आले. (थेंब घातल्यामुळेही असेल.) आजकाल सगळं नवं आणतात. माझ्या वडिलांच्या बैलगाडीला वंगणाची नळी टांगलेली असे, तिच्यातलं वंगण शेतापर्यंतच पुरायचं, म्हणून वडील शेताच्या पलीकडे कधी गेले नाहीत आणि सुखी राहिले. एवढ्या मोठ्या नव्या टाकीत जुनं काहीतरी टिकलं याचा मला मनापासून आनंद झाला.

घरी आल्यावर टाकीला हळदकुंकू वाहिलं, नारळ वाढवला. पहिले काही आठवडे नानाजी ती रोज काठोकाठ भरत. लोक बघायला येत, टाकीवर थाप मारून आवाज ऐकत आणि चहा पिऊन जात. पुढे उत्साह ओसरला, भरणं मागे पडलं. पण काळजीचं कारण नव्हतं. नानाजींचा काट्यावर विश्वास नाही, काठीवर आहे. ते टाकीत काठी घालत, ती ओली निघे, ते समाधानानं घरी येत. डिझेल कितीही वापरा, काठी ओलीच. "आता आपल्या टाकीत डिझेल कधी खुटत नाही," असं ते सांगू लागले, आणि ते अक्षरशः खरं होतं.

मग एका दुपारी एक जीपवाला बातमी घेऊन आला. शामची गाडी दारव्हा रस्त्यावर उभी आहे, आणि तीही आर्णीच्या हद्दीत. नानाजींना गहिवरून आलं. कोणीही बोलावलं नसताना, निव्वळ माणुसकीपोटी, त्यांनी हरिसिंगला धाडलं. एकच ताकीद दिली: त्याचं काही का बिघडलं असेना, दुरुस्त करायचं नाही, डिझेल द्यायचं नाही, ओढून आणायचं, आणि बाजारातून आणायचं. घाईत साखळी वड्यांखाली राहून गेली.

पुढचं मला हरिसिंगनं भाकरी खाताना सांगितलं आणि कोणाला सांगू नका म्हणाला. म्हणून फक्त तुम्हालाच सांगते.

शामच्या गाडीला काही झालं नव्हतं. त्याचं डिझेल संपलं होतं. (तो सरळ संपलं म्हणतो. त्याच्या घरी वळण नाही.) हरिसिंगनं शामचीच साखळी मागून घेतली, त्याची गाडी मागे बांधली आणि निघाला. दोन शेतं ओलांडून चढ लागला, तशी आमची गाडी दोनदा शिंकली आणि उभी राहिली. हरिसिंगनं टाकीत काठी घातली. मग फोन लावला.

"मालक, गाडी बंद पडली."

"टाकीत पाह्यलं का?"

"पाह्यलं. काठी हातभर ओली निघाली."

"मंग गाडी बंद पडूच शकत नाही," नानाजी म्हणाले आणि फोन ठेवला.

हरिसिंग रस्त्याच्या कडेला बसला. वाढलं म्हणावं तर वाढलं नव्हतं. संपलं तर तो म्हणतच नाही. आणि आता कोणी दोर लावून गावात नेलं, की तांडा. शामही शेजारी येऊन बसला. हरिसिंगनं त्याला सगळं सांगितलं, मालकाची अट, ओट्यावरची माणसं, लालीबाई.

शामनं तंबाखू मळता मळता हिशेब केला. "तुही टाकी भरेल हाय, गाडी बंद. माही गाडी चांगली, टाकी कोरडी. नळी हाय का तुह्यापाशी?"

नळी होती. नळीचं एक बरं असतं, ती तळापर्यंत जाते. शामनं तोंडानं ओढून आमच्या टाकीतलं डिझेल आपल्या टाकीत घेतलं. त्याची गाडी सुरू झाली.

"आता तू मले ओढत नेशील," हरिसिंग म्हणाला.

"कायले ओढू? मांगूनच ढकलतो. तू फक्त स्टेरिंग धर अन् हॉर्न मारत जाय."

"अन् तुही इज्जत?"

"आर्णीत माही कायची इज्जत? मी दारव्ह्याचा," शाम म्हणाला. इज्जत तालुकानिहाय मोजतात हे मला त्या दिवशी कळलं.

दोन गाड्यांच्या मध्ये एक फळी धरली. पुढे हरिसिंग हॉर्न वाजवत, मागे शाम पडेल चेहऱ्यानं, अशी मिरवणूक आर्णीच्या बाजारातून निघाली. इंजिनाचा आवाज मागच्या गाडीतून येत होता. साखळी मध्ये जमिनीला टेकेपर्यंत लोंबत होती. पण साखळी ताणलेली आहे की सैल, हे बघायची आपल्याकडे पद्धत नाही. कोण पुढे आहे तेवढं बघतात. टाळ्या झाल्या. नानाजींनी ओट्यावरून खाली उतरून हरिसिंगच्या गळ्यात हार घातला. लालीबाई बाजारातच उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला, आणि ती हसत होती की रडत होती हे मी विचारलं नाही.

वामनरावांनी अभिप्राय दिला की सदर टाकी पूर्णतः यशस्वी आहे. एवढं मोठं काम करूनही तिच्यात थोडं डिझेल शिल्लक सापडलं, हा त्याचा पुरावा. तेव्हापासून तालुक्यात मोठ्या टाक्यांची लाट आली आहे. ज्याच्याकडे ट्रॅक्टर आहे तो मोठी टाकी बसवतो आणि आपला जुना, लाभलेला पाईप जपतो. आमची गाडी जोरात चालू आहे. हरिसिंग आता कामाला निघताना शामला सोबत घेतो, मागे.

परवाच नानाजी विचारत होते, वहिनी, याहून मोठी टाकी बसवली तर? मी म्हटलं, अवश्य.

तर ही गोष्ट इथे वाढली. तुम्ही आता खाली पाहाल आणि म्हणाल, एवढंच? नाही हो. मी पुष्कळ भरलं होतं, तळाला अजून हातभर आहे. तुमचा पाईप किती लांब आहे, ते मात्र मी विचारत नाही. आमच्या घरात तशी रीत नाही.