मामाचे दहा सेकंद

मुलाला प्रश्न विचारून दहा सेकंद तोंड मिटून बसणारा माणूस माझ्या पाहण्यात एकच आहे. रोज सकाळी दाढी करताना मी त्याला बघतो.

हे सोपं वाटत असेल तर आजच घरी करून पाहा. समोर एखादं पोर बसवा, "तुला काय हवं?" असं विचारा आणि मनात दहा मोजा. चौथ्या सेकंदाला तुमचा घसा खवखवायला लागेल. पाचव्याला तुम्ही "बिस्किट हवं का?" म्हणाल आणि सहाव्याला बिस्किट हातात देऊन मोकळे व्हाल. पोर बोललेलं नसतं. त्याला बोलायची गरजच उरलेली नसते. आमच्या केंद्रात आणलेल्या कितीतरी मुलांच्या घरी त्यांच्या वाटचं बोलायला चार-चार मोठी माणसं कायम हजर असतात.

या केंद्रात मी वाचा-उपचाराच्या विद्यार्थ्यांना शिकवतो. न बोलणाऱ्या मुलाला बोलतं कसं करायचं, ही आमची विद्या. विद्यार्थी आणि मूल एका लहान खोलीत बसतात. खोलीच्या एका भिंतीत मोठी काच आहे, आतून आरसा आणि बाहेरून खिडकी. त्या खिडकीमागे मी बसतो, गळ्यात स्टॉपवॉच आणि हातात मूल्यमापनाचा तक्ता घेऊन. तक्त्यात वीस रकाने आहेत. पहिल्या एकोणीस रकान्यांत आजवर कोणी नापास झालेलं नाही. विसावा माझा स्वतःचा : 'मुलाच्या वतीने उत्तर दिले काय?' तिथे 'होय' वर खूण झाली की एकूण गुण शून्य. विद्यार्थी पाठीमागे मला 'गजर' म्हणतात. मला ते ठाऊक आहे. मी तो बहुमान समजत आलो.

यंदाच्या बारा विद्यार्थ्यांत एक मुलगी होती, तिला मी मनातल्या मनात चुळबुळी म्हणायचो. खुर्चीवर बसली की खुर्ची करकरायची. अभ्यासात पहिली, मुलं तिच्या मांडीवर चढून बसायची, पण सातव्या सेकंदाला हिचा धीर सुटलाच म्हणून समजा. मूल जरा अवघडलं की हिच्या तोंडून शब्द निघून जायचा. मी तिला दोनदा शून्य दिलं होतं. तिसरी आणि शेवटची संधी उरली होती, ती गेली की पूर्ण वर्ष पुन्हा. तिने एकदा भीत भीत विचारलं होतं, की सर, खऱ्या मुलासमोर तुमचा कधी धीर सुटला नाही का? मी तिच्याकडे दहा सेकंद नुसतं बघत राहिलो होतो. उत्तर म्हणून ते पुरेसं होतं, असं तेव्हा मला वाटलं.

आता मूळ भानगडीकडे येतो. नवशिक्यांच्या हाती चुका करायला खरी मुलं देता येत नाहीत. त्यांना सरावाला एक मूल लागतं, जे बोलू शकतं पण बोलत नाही. असं मूल बाजारात मिळत नाही. म्हणून मी माझ्या थोरल्या बहिणीची, अक्काची, मुलगी आणली. वय पाच. घरात तिला भिंगरी म्हणतात. ती झोपेतही बोलते आणि झोपेत कोणी मध्ये बोललं तर रागावते. हिला जो गप्प करेल तो जगात काहीही करू शकेल, असं अक्का म्हणाली, आणि मला ते आव्हान वाटलं.

पद्धत साधी होती. विद्यार्थ्याने एका पारदर्शक बरणीत चावीचा बेडूक ठेवायचा, झाकण गच्च लावायचं आणि बरणी भिंगरीसमोर ठेवायची. बेडूक दिसतो, पण झाकण उघडत नाही, म्हणजे मागावं लागतं. भिंगरीने मागायचं नाही. समोरच्याने पूर्ण दहा सेकंद वाट पाहिली तरच "उघड" म्हणायचं. मग तिला एक चांदणी मिळणार, कपाळावर चिकटवायची, चकचकीत. शिवाय काचेमागून आम्ही सगळे टाळ्या वाजवणार.

पहिल्या दिवशी तिने विद्यार्थ्याला झाकण कुठल्या बाजूने फिरवायचं ते समजावून सांगितलं, मग बेडकाला नाव ठेवलं, मग मला आरशातून हाका मारल्या. चांदणी मिळाली नाही. दुसऱ्या दिवशी ती चार सेकंद गप्प बसली. आठवड्याभरात तिने हिशेब नीट ओळखला. बडबड फुकट जाते आणि मौनानंतरच्या एका शब्दाला चांदणी मिळते, वर टाळ्या. तिसऱ्या आठवड्यात ती हाताची घडी घालून, बोटांवर मोजत, एखाद्या निवृत्त न्यायाधीशासारखी विद्यार्थ्यांकडे बघायला लागली. मी प्राचार्यांना लेखी कळवलं की प्रयोग अपेक्षेपेक्षा यशस्वी झाला आहे.

त्याच संध्याकाळी अक्काचा फोन आला. भिंगरी घरी बोलत नव्हती.

म्हणजे अगदीच बोलत नव्हती असं नाही. बिस्किटांचा डबा घेऊन ती आजीसमोर उभी राहायची. आजी विचारायची काय हवं, आणि स्वतःच "बिस्किट" म्हणून टाकायची. भिंगरी मान हलवून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायला लावायची. दहा मोजून झाल्यावर ती एक शब्द उच्चारायची आणि कपाळ पुढे करायची. घरी नेलेल्या चांदण्या संपल्यावर भाऊजींनी पेनाने चांदणी काढून दिली. सकाळी "दूध" या शब्दाला ते आणि आजी उभे राहून टाळ्या वाजवत होते. दोनदा दूध उतू गेलं. संडासच्या दारासमोरचे दहा सेकंद कसे गेले, ते अक्काने तपशीलवार सांगितलं. मी ते इथे लिहीत नाही.

मी म्हणालो की हे तात्पुरतं आहे. माझा आवाज तज्ज्ञाचा होता.

मंगळवारी सकाळी बाहेरच्या बाकावर सात नंबरचा बिल्ला हातात धरून अक्का बसलेली दिसली. शेजारी भिंगरी, हाताची घडी घालून. शिशुवर्गाच्या बाईंना मुलीची काळजी वाटली होती. आठवडाभरापूर्वीपर्यंत जिला गप्प बस म्हणावं लागायचं ती आता तोंड उघडत नव्हती. तेव्हा एखाद्या जाणकाराला दाखवा, म्हणून त्यांनी चिठ्ठीवर एक नाव लिहून दिलं होतं. नाव माझं होतं. खाली 'अत्यंत अनुभवी' असंही लिहिलं होतं.

अक्काने नोंदणीचा अर्ज नीट भरला होता. 'तक्रार केव्हापासून' या रकान्यात तिने लिहिलं होतं : मामाकडे जायला लागल्यापासून.

"अक्का, अगं सरळ आत यायचंस," मी म्हणालो.

"तज्ज्ञांना भेटायला आलेय. भावाकडे आले असते तर हातात चप्पल असती."

मग तिने खरी अडचण सांगितली. गुरुवारी भिंगरीच्या शाळाप्रवेशाची भेट होती. शाळा घरापासून चालत दहा मिनिटांवर. ही हुकली तर दुसरी शाळा बसने तासभर लांब, आणि अक्काची नोकरी सकाळची. जागा तीस, मुलं पंचेचाळीस. मुख्याध्यापिका कडक होत्या आणि त्यांची एकच अट होती : मुलाने स्वतः बोललं पाहिजे, पालकांनी दिलेलं उत्तर धरलं जाणार नाही.

ही अट ऐकून मला त्या बाईंविषयी एकदम आदर वाटला. अक्काला मात्र तो वाटत नव्हता. एक चांदणी मला दे, वेळ आली तर दाखवते, इतकंच तिचं म्हणणं होतं. मी साफ नकार दिला. चांदणीची सवय चांदणीने मोडत नाही. शुद्ध वाट पाहण्यापुढे मूल आपोआप बोलतं, हे मी बारा वर्षं शिकवतोय. मीच बरोबर येतो, म्हणालो.

इथवर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मी चुळबुळीला बोलावून घेतलं आणि सांगितलं की गुरुवारी माझ्याबरोबर चल, वाट कशी पाहतात ते प्रत्यक्ष बघ. तिच्या हातात मी स्टॉपवॉच आणि कोरा तक्ता दिला. "माझं मूल्यमापन कर," मी म्हणालो. "नियमाप्रमाणे. मुलाहिजा ठेवायचा नाही." माझ्या आवाजात किती औदार्य होतं, ते आठवलं की आजही कानशिलं तापतात.

मुख्याध्यापिकांची खोली लहान होती. टेबलावर मुलांच्या कागदांचा गठ्ठा, कोपऱ्यात माशांची काचेची पेटी, आणि आम्हाला बसायला मुलांच्याच बुटक्या खुर्च्या. माझे गुडघे हनुवटीला टेकत होते. अक्का दाराजवळ बसली. चुळबुळी माझ्या मागे, तक्ता मांडीवर घेऊन.

बाईंनी भिंगरीला नाव विचारलं. मी बोट वर करून सगळ्यांना शांत राहायला सांगितलं. दहा सेकंद झाले. भिंगरीने माझ्या हाताकडे पाहिलं. हात रिकामा होता. तिने ओठ आणखी घट्ट मिटले.

बाईंनी आवडता रंग विचारला. पुन्हा दहा सेकंद. पेटीतला मासासुद्धा एका जागी थांबून बघत होता. अक्काच्या पर्सची चेन उघडली, मिटली, उघडली.

बाईंनी पेनाचं टोपण काढलं. आवाज मऊ ठेवून म्हणाल्या की घाई नाही, काही मुलांना वेळ लागतो, पुढच्या वर्षी पुन्हा बघता येईल. त्यांचं पेन कागदावर एका चौकोनाच्या दिशेने निघालं. मला बसल्या जागेवरून तो चौकोन वाचता येत होता : 'पुढील वर्षी'. अक्काने चेन ओढणं थांबवलं. पेन कागदावर टेकायच्या आत बाईंनी शेवटचं म्हणून विचारलं, "घरी कोण कोण असतं गं तुझ्या?"

एक. दोन. तीन.

"आई, बाबा, आजी!" मी म्हणालो. "आणि मामा येऊन-जाऊन असतो. आवडता रंग पिवळा. शंभरपर्यंत अंक येतात, उलटेसुद्धा. बुटाचा बंद स्वतः बांधते. खूप बोलते हो बाई, झोपेतही बोलते, तुम्ही फक्त..."

"मी तुम्हाला विचारलं नव्हतं," बाई म्हणाल्या.

 मग माझ्या डाव्या बाजूने एक बारीक, स्वच्छ आवाज आला.

"तीन," भिंगरी म्हणाली. ती माझ्यामागे चुळबुळीकडे बघत होती. "ताई, मामा तीनलाच बोलला. तू सातपर्यंत तरी थांबतेस."

बाईंचं पेन हवेत राहिलं.

"आणि मामा तुला शून्य देतो," भिंगरी पुढे म्हणाली, "आणि तू मग जिन्यात रडतेस, मी पाहिलंय."

त्यानंतर तिला थांबवणं कोणाच्या हातात नव्हतं. तीन आठवड्यांचं तुंबलेलं सगळं बाहेर आलं. बरणी, बेडूक, बेडकाचं नाव, काचेमागचा मामा, मामा काचेमागे नाक कोरतो आणि आरशाजवळ डोळे नेले की ते दिसतं, चांदण्या, बाबांनी पेनाने काढलेली वाकडी चांदणी, संडासचं दार. बाईंनी तीन वेळा प्रश्न विचारायचा प्रयत्न केला. त्यांना फट मिळाली नाही. अठराव्या मिनिटाला त्यांनी मुकाट्याने कागदावर दुसऱ्याच चौकोनात खूण केली आणि तो अक्काच्या हातात दिला. भिंगरीने मासा मादी आहे की नर ते विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता स्वतःच सांगून टाकलं. या बाबतीत ती माझ्यावर गेलीय.

बाहेर आल्यावर अक्काने भाऊजींना फोन लावला. प्रवेश मिळाल्याचं सांगितलं. मग माझ्याविषयी सांगितलं, आणि मी ऐकू शकेन इतकं मोठ्याने. "लहानपणापासून असाच. पाहुण्यांनी मला नाव विचारलं की हाच सांगायचा. मी सात वर्षांची होईपर्यंत लोकांना वाटायचं मी मुकी आहे."

हे मला आठवत नव्हतं. अक्काच्या चेहऱ्यावरून तिला चांगलंच आठवत होतं.

भिंगरी फाटकावर चढून झोके घेत होती. चुळबुळी तक्ता छातीशी धरून उभी होती. विसाव्या रकान्यात तिने कुठे खूण केली असणार हे मला कळत होतं. तिला पास करावं लागणार, हेही कळत होतं. सातवर नापास करायला परीक्षक निदान आठपर्यंत पोचलेला हवा. तरी शिक्षकाचा आब राखून मी विचारलं, "मग? किती दिलेस?"

ती मान जराशी कलती ठेवून, चेहरा प्रसन्न ठेवून, मीच शिकवल्याप्रमाणे माझ्याकडे बघत राहिली. खाली बघितलं तर अंगठा स्टॉपवॉचवर.

"शून्य ना?" मी म्हणालो.

तिने बटण दाबलं, घड्याळाकडे पाहिलं आणि शेऱ्याच्या जागी लिहिलं : चौथा सेकंद. प्रगती आहे.