कोल्हा काकडीला राजी नाही

कॅप्टनसाहेबांनी मोबाइल पुढे केला तेव्हा नुसतं ‘व्हेरी नाइस, सर’ म्हणायचं आणि चहा घेऊन आपल्या टेबलाकडे वळायचं, एवढंच मला करायचं होतं. अठरा वर्षं मी हेच करत आलो आहे. आखातात, फुजैराच्या बंदरात एका शिपिंग एजन्सीत मी डॉक्युमेंटेशन क्लार्क आहे, कॅप्टनसाहेब तिथले मॅनेजर. जहाजात तेल भरून झालं की कागद माझ्याकडे येतात, मी शिक्का मारतो आणि ‘व्हेरी नाइस, सर’ म्हणतो.

पण त्या दिवशी मोबाइलमध्ये बॅजर होता. साहेबांच्या इंग्लंडातल्या घरामागे रान आहे, त्यात तो बीळ करून राहतो. तोंडावर काळे-पांढरे पट्टे, बुटका, आणि चाल अशी की जणू ऑडिटलाच निघालाय. साहेब दर सुट्टीत संध्याकाळी तिथे खुर्ची टाकून बसतात, शेंगदाणे पसरतात आणि त्याची फिल्म काढतात.

“पेशन्स, नूरुद्दीन,” साहेब म्हणाले. “इट टेक्स अ स्पेशल काइंड ऑफ मॅन.”

हे ‘स्पेशल’ मला कुठेतरी लागलं.

“सर,” मी म्हणालो, “आमच्या बिल्डिंगमागच्या वादीत कोल्हे आहेत. मी पण फिल्म काढतोय.”

(वादी म्हणजे डोंगरातून येणारी कोरडी नदी. तिथे मी कोल्हा एकदाच पाहिला होता. म्हणजे शेपटी पाहिली होती. ती मांजराचीही असू शकते.)

साहेब इतके खूश झाले की दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःचा खास कॅमेराच आणून दिला. हिरवट रंगाची पेटी होती. झाडाला पट्ट्याने बांधायची, समोर काही हललं की ती आपोआप चालू होते. सोबत सूचना दिल्या. अंगाला वास नको. कॅमेऱ्याची काच कधीही सूर्याकडे करायची नाही. पाच दिवस पेटी उघडायची नाही. हलायचं नाही.

मी सगळं लिहून घेतलं आणि खाली तारीखही टाकली.

एवढ्यावरही हे प्रकरण मिटवता आलं असतं. पण त्याच संध्याकाळी माझी मुलगी लायबा म्हणाली की शाळेत फिल्मची स्पर्धा आहे, विषय ‘आपल्या परिसरातले वन्य जीव’, तीन मिनिटं, गुरुवारी निकाल. तिच्या वर्गातल्या नीरवच्या पप्पांनी ड्रोन आणलाय.

“यल्ला, चल, आपण कोल्ह्याची फिल्म काढू!” मी म्हणालो. “अब्बा आहेत ना.”

लायबा सातवीत आहे. तिने माझ्याकडे शांतपणे पाहिलं. “लाइक द स्विमिंग, अब्बा?”

पोहायला शिकवणार होतो, पण मलाच येत नाही हे पाण्यात उतरल्यावर लक्षात आलं. त्याआधी टेलिस्कोप होता. त्याआधी अंगणात भेंडी (आम्हाला अंगण नाही). ती चिडली असती तर बरं वाटलं असतं. पण ती नुसतं ‘ओके’ म्हणाली आणि पुन्हा पुस्तकात डोकं घातलं. मुलीने बापावर विश्वास ठेवणं सोडलं की ती भांडत नाही, ‘ओके’ म्हणते. मला त्या रात्री जेवण गेलं नाही. या वेळी कोल्हा आणायचाच, मग काय वाट्टेल ते होवो.

शुक्रवारी ऑफिस अर्धा दिवस. दुपारच्या नमाजानंतर मी फ्रीजमधून दोन काकड्या काढल्या.

“अजी, काकड्या कुठे नेता?” माझी बायको, हमीदा.

“कोल्ह्याला. कोल्हा काकडीला राजी. रत्नागिरीत शाळेत पाठ केलेली म्हण आहे.”

“ती म्हण शेजारच्या बिल्डिंगमधल्या बाईंनाही माहितेय. त्यांनी कधी कोल्हा पाळलेला दिसला नाही.”

वादीत एक बोरीचं झाड आहे. त्याच्या पलीकडे डोंगराच्या पायथ्याशी एक बीळ. चांगलं रुंद, कोल्ह्याच्या इभ्रतीला शोभेलसं. झाडाच्या अलीकडे मी खुर्ची टाकली, तोंड बिळाकडे. आता कॅमेरा. सूर्य डोंगरामागे म्हणजे बिळाच्याच बाजूला मावळत होता, आणि काच सूर्याकडे करायची नाही अशी लेखी सूचना होती. म्हणून मी कॅमेरा खोडाच्या अलीकडच्या अंगाला बांधला, काच पूर्वेकडे. पूर्वेला मी बसलो होतो. (कारकुनाने सूचना पाळायची असते. विचार करणं वरच्या ग्रेडचं काम.) काकडीचे काप एका ताटलीत घालून मधोमध ठेवले, म्हणजे कोल्हा बिळातून निघणार, झाडाला वळसा घालून ताटलीशी येणार आणि फिल्ममध्ये सापडणार. हिशेब चोख होता.

सूर्यास्ताची, मगरिबची अजान होईपर्यंत बसलो. काकडीवर मुंग्या आल्या, बस्स. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हा कोल्हा अरबी! त्याला आपल्या म्हणी कुठून कळणार? त्याला वासाचं काहीतरी हवं.

आता आमच्या घरात वासाचं म्हणजे सोडे. सोललेली, वाळवलेली कोळंबी. माझ्या सासूबाईंनी, मरियमबींनी, स्वतः माडीवर वाळवलेली, सात पिशव्यांत बांधून हमीदाने विमानातून आणलेली. आमच्या घरी सोने आणि सोडे असे दोन ऐवज आहेत, त्यातलं सोनं हमीदा कोणालाही दाखवते. सोडे आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात तांदळाच्या पोत्यामागे असतात, आणि ते शनिवारच्या पुलावासाठी राखलेले होते. पुढच्या शनिवारी हमीदाचा भाऊ यहया पलीकडच्या शहरातल्या करामाहून खास त्याच्यासाठी येणार होता.

मूठभर नेईन म्हटलं. पण हमीदा स्वयंपाकघरात येताना दिसली आणि घाईत अख्खा डबाच पिशवीत गेला. मग तेच सोयीचं पडलं. रोज साडेपाचला डबा न्यायचा, थोडे सोडे ताटलीत पसरायचे, वास चांगला सुटावा म्हणून डबा उघडाच खुर्चीमागे ठेवायचा आणि परतल्यावर पोत्यामागे सरकवायचा.

चार संध्याकाळी मी दगडासारखा बसलो. बिळावरून नजर हटवली नाही. अत्तर बंद, कपड्यांना ऊद बंद. ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या सुरेशने खुर्ची खिडकीपाशी नेली आणि खिडकी उघडली. घरी मात्र वेगळाच प्रकार झाला. रविवारी रात्री हमीदा माझ्या जवळ बसली आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, “काय की हो, दोन दिवस तुम्ही जवळ आलात की मला माहेर आठवतं.”

लग्नाला पंधरा वर्षं झाली, असं वाक्य मला कधी मिळालं नव्हतं. मी गप्प राहून ते ठेवून घेतलं.

सोमवारी माझी एक चप्पल हरवली. बसताना काढून बाजूला ठेवली होती, उठलो तर नाही. भटक्या कुत्र्याला शिव्या घालत एका पायाने घरी आलो. डबाही रोज हलका लागत होता. वाळवणच ते, म्हटलं, उन्हाच्या देशात आणखी वाळत असेल. कोल्हा मात्र नाही. मंगळवारी शेवटच्या दिवशी बिळातून अखेर एक तोंड बाहेर आलं. ती एक जाडजूड घोरपडीसारखी पाल होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि ती परत आत गेली.

कॅमेरा झाडावरून सोडवून घरी आलो. लायबाच्या हातात पेटी दिली आणि म्हणालो, “बेटा, सॉरी. कोल्हा नाही आला.”

“ओके,” ती म्हणाली. तोच ‘ओके’.

मी पलंगावर पडून छताकडे बघत राहिलो. अर्ध्या तासाने तिच्या खोलीतून किंकाळी आली. मी धावलो. दार आतून बंद.

“लायबा! क्या हुआ?”

“नथिंग, अब्बा! डोन्ट कम इन!” आणि हसणं. थांबेचना. बुधवारी रात्रीपर्यंत ते दार उघडलं ते फक्त जेवणासाठी, आणि जेवतानाही ती माझ्याकडे पाहून ठसका लागेपर्यंत हसत होती. मांजराची फिल्म करत असेल बिचारी, मी मनाशी म्हटलं.

गुरुवारी शाळेच्या हॉलमध्ये तीनशे माणसं होती. पहिल्या रांगेत परीक्षक म्हणून कोण, तर आमचे कॅप्टनसाहेब. माझ्या शेजारी हमीदा. नीरवच्या ड्रोनने वरून खजुराची झाडं दाखवली, टाळ्या पडल्या. मग अंधार झाला, आणि पडद्यावर दहा फुटांचा मी आलो.

मी खुर्चीवर बसलो होतो, डोळे ताणून, मान पुढे काढून. लायबाचा गंभीर आवाज सुरू झाला (इंग्रजीत, तुमच्यासाठी मराठीत सांगतो). “हा प्रौढ नर आहे. तो रोज साडेपाचला याच जागी येतो. स्वभावाने लाजाळू, सहसा निरुपद्रवी.”

हॉलमध्ये खसखस पिकली.

“तो गुणगुणतो. बहुधा मादीला बोलावतो आहे. मादी येत नाही.”

पडद्यावर मी पोट खाजवलं. मग उभा राहिलो आणि बोरीच्या झाडासमोर हात जोडून म्हणालो, “सर, विथ ड्यू रिस्पेक्ट, अठरा वर्षं झाली, इन्क्रिमेंटचं काहीतरी बघा.” पहिल्या रांगेत कॅप्टनसाहेबांची मान ताठ झाली. मी खुर्चीत जेवढा खाली जाता येईल तेवढा गेलो.

आणि तेव्हाच, पडद्यावरच्या माझ्या खांद्यामागून दोन कान वर आले.

मोठे, टोकदार कान. मग निमुळतं तोंड. कोल्हा! अस्सल, लालसर, झुपकेदार शेपटीचा कोल्हा, माझ्यापासून एका हातावर! तो बिळातून येणार कसा, त्याचं घर बिल्डिंगच्याच बाजूला होतं. मी समोर पालीच्या बिळावर डोळे रोखून बसलेला, आणि तो मागे आइस्क्रीमच्या डब्यात तोंड घालून निवांत जेवतोय. पुढच्या दिवशी जेवण झाल्यावर तो माझ्या खुर्चीशेजारी बसला आणि मी कुठे बघतोय ते बघू लागला. आम्ही दोघं मिळून, अगदी एका नजरेने, पालीच्या बिळाकडे बघत होतो. हॉल हसून हसून कोसळला.

सोमवारी तो, म्हणजे ती, दोन पिल्लं घेऊन आली. चिमुकली, लोकरीच्या गुंड्यांसारखी. ती माझ्या खुर्चीखालून शिवाशिवी खेळली. एकाने माझी चप्पल तोंडात धरली, दोनदा कोलांटी खाल्ली आणि ओढत नेली. हसणारा हॉल एकदम गप्प झाला. इतकं सुंदर काही मी जन्मात पाहिलं नव्हतं, आणि ते घडत होतं तेव्हा मी तिथेच होतो.

“या रानटी आईने,” लायबाचा आवाज म्हणाला, “पिल्लांना या नराजवळ आणलं, कारण तो पाच दिवस आला, आणि रोज शांत बसला. तो माझा अब्बा आहे. त्याने प्रॉमिस केलं होतं.”

लोक उभे राहिले. खरंच उभे राहिले, तीनशेच्या तीनशे. पहिलं बक्षीस! लायबा स्टेजवरून उतरली ती चषक घेऊन सरळ माझ्याकडे धावत आली, आणि सगळ्या शाळेदेखत गळ्यात पडली. मी रडलो. लपवून काय करायचं, तेही कोणीतरी फिल्ममध्ये घेतलंच असणार.

कॅप्टनसाहेब आले, माझा हात हातात घेतला, बराच वेळ हलवला. मी इन्क्रिमेंटसाठी कान टवकारले.

“व्हेरी नाइस, नूरुद्दीन,” ते म्हणाले आणि चहाकडे वळले.

काही का असेना, मी छाती फुगवून वळलो. हमीदा अजून पडद्याकडेच बघत होती. पडदा केव्हाच कोरा झाला होता.

“तो डबा,” ती म्हणाली, “आइस्क्रीमचा होता ना?”

“हमीदा, मुलीचं पहिलं बक्षीस...”

“म्हणजे मला आठवत होतं ते माहेर नव्हतं.”

खलास.

शनिवारी यहया आला. सोडे नव्हते म्हणून हमीदाने त्याच्यासाठी मटण बिर्याणी केली. आधी यहयाला वाढली, मग लायबाला, मग स्वतःला. माझ्यापुढे एक ताटली आली. वादीत नेलेलीच ती, घासून लख्ख केलेली. तिच्यात काकडीचे काप, गोल मांडलेले.

“म्हण तुम्हाला पाठ आहे ना?” हमीदा गोड आवाजात म्हणाली.

मी यहयाकडे पाहिलं. तो हाडूक चोखत होता, मदतीला येण्यासारखा नव्हता. मी मुकाट्याने एक काप उचलला, मीठ लावलं आणि तोंडात टाकला.

एवढ्यात टेबलाच्या पलीकडे, रायत्याच्या भांड्यामागून, मोबाइलचा एक कोपरा हळूच वर आला आणि मागून कुजबुज ऐकू आली.

“द अ‍ॅडल्ट मेल इज फायनली ईटिंग द कुकुंबर. डोन्ट मूव्ह, मामू. ही इज व्हेरी शाय.”