बोर्डावर नसलेली आत्या

सोमनाथने लॉन्सच्या फाटकाशी स्कूटर थांबवली, वर पाहिलं आणि स्टँड लावायचं विसरून तसाच बसून राहिला. फाटकावर लागायला हवा होता तो नवरा-नवरीचा बोर्ड. वीणेच्या रूपातली पल्लवी, पखवाजाच्या रूपातला मयूर आणि भोवती नाजूक वेलबुट्टी. त्याऐवजी तिथे भल्यामोठ्या फ्लेक्सवर त्याच्या सासरच्या सात बायका वाद्यं होऊन उभ्या होत्या. मधोमध लतामावशींचा तानपुरा होता, भोपळा अगदी माप घेऊन काढल्यासारखा. त्याखाली सोमनाथच्याच हस्ताक्षरात लिहिलं होतं, 'एकदा लागला की हलत नाही.'

लग्न सोमनाथच्या धाकट्या मेहुणीचं होतं, आणि तो त्या घरचा थोरला जावई. नाशिकच्या अंबड भागातल्या एका कारखान्यात तो यंत्रांच्या सुट्या भागांची ड्रॉइंग काढायचा. ती नोकरी सासऱ्यांनी, म्हणजे पुंजाराम बोरस्त्यांनी, शब्द टाकून लावून दिलेली. ती सोडून हा गृहस्थ आता घरी बसून दोन कामं करत होता. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची व्यंगचित्रं काढून ती कॅलेंडरवर आणि कपांवर छापून विकायची, आणि भजनी मंडळांना, शाळांना, बँडवाल्यांना गाणी बसवून द्यायची. कुणी कुठला सूर धरायचा, कुणी कधी गप्प बसायचं, हे ठरवून देण्याचेही पैसे मिळतात यावर सासऱ्यांचा विश्वास नव्हता. लोकांना ते 'जावई घरूनच काम करतात' एवढंच सांगत आणि लोक कॉम्प्युटरचं समजून मान डोलवत.

पण मुलीच्या लग्नात त्यांनी जावयाला एक संधी दिली होती. बोर्डही त्याचा आणि मंगलाष्टकंही त्यानेच बसवायची. जमलं तर ठीक, नाहीतर सोमवारी पुन्हा कंपनीत. तिथल्या साहेबांना त्यांनी लग्नाचं खास निमंत्रणही दिलं होतं, म्हणजे जेवताजेवताच बोलणं होऊन जाईल. सोमनाथला ती कंपनी पुन्हा नको होती. आठ तास नटबोल्ट काढून घरी आल्यावर त्याच्या हातून माणसाचं नाक उतरत नसे.

मंगलाष्टकांचं काम तर साधं नव्हतंच. या घरातली प्रत्येक बाई स्वतः रचलेलं मंगलाष्टक स्वतःच्या पट्टीत म्हणायची. एक जिथे संपवी तिथून दुसरी कधीच उचलत नसे. तोवर पाहुण्यांच्या मुठीतल्या अक्षता घामाने चिकटून जात. सोमनाथने महिनाभर खपून या सातजणींना एका पट्टीत आणलं होतं. कुणाचं काय कुठे बिघडतं हे लक्षात राहावं म्हणून स्वतःपुरतं एक चित्र काढलं होतं आणि प्रत्येकीखाली खरं काय ते लिहून ठेवलं होतं. त्याची कामाची रीतच तशी होती. सासूबाई अक्काबाई त्यात पेटी होत्या, 'भाता मोठा, मध्येच दम लागतो.' भाग्यश्रीमामी बासरी, 'वर गेली की खाली येत नाही.' एक काकू झांज होत्या, 'सगळे थांबल्यावर वाजते.' हे चित्र सोमनाथ आणि छापणारा सोडून जगात कुणी पाहायचं नव्हतं.

त्याने फ्लेक्सवाल्या दीपकला फोन लावला. दीपकला दोन चित्रं पाठवली होती, एक बोर्डासाठी आणि एक मंगलाष्टकांच्या वेळी त्याने स्वतः हातात धरायच्या छोट्या कागदासाठी.

"बरोबरे ना दादा," दीपक शांतपणे म्हणाला. "तुमच्याकडून उलटं लिहिलं गेलं होतं, मी सुधारून घेतलं. एकात दोनच माणसं, एकात सात. सात माणसं छोट्या कागदावर कशी दिसायची? आणि बोर्ड म्हटल्यावर माणसं पाहिजेच. खाली शुभेच्छुकांसाठी जागा पण सोडलीय, नावं टाकायची राहिली."

बोर्ड उतरवायला माणसं पाठव, असं सोमनाथने काकुळतीने सांगितलं. पण माणसं शिडी घेऊन पेठ गावाला गेली होती. तिथे कुणाचा तरी वाढदिवस होता आणि चौकात त्याचे सहा बोर्ड लागायचे होते.

एवढ्यात उज्वला, सोमनाथची बायको, रिक्षातून उतरली. तिने बोर्ड वरून खालपर्यंत वाचला, आईच्या पेटीपाशी क्षणभर तोंडाला पदर लावला आणि म्हणाली, "अहो, हसायची वेळ नाही. झाका आधी."

मांडववाल्याकडून लाल कापडाचा तागा मागून दोघांनी कसाबसा बोर्ड झाकला आणि दोरीने बांधला. सोमनाथला वाटलं, सुटलो. पण नाशिकमध्ये एखादी गोष्ट कापडाने झाकली की तिचं अनावरण होणार, हे लहान मुलालाही ठाऊक असतं. पाहुणे येऊ लागले तसे ते फाटकाशी थबकू लागले. अनावरण कुणाच्या हस्ते, असं एकमेकांना विचारू लागले. बातमी पुंजारामांपर्यंत गेली आणि ते चक्क हसत बाहेर आले.

"जावईबापू, एवढं ठरवलं होतं तर मला कळवायचं तरी," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून इतक्या मायेने 'जावईबापू' निघाल्याला चार वर्षं झाली असावीत.

सोमनाथ सासऱ्यांना म्हणाला की मामा, ते जेवणानंतर करू. मामा म्हणाले, जेवल्यावर कोण थांबतं. तोवर त्यांनी पाहुण्यांतल्या एका माजी नगरसेवकांना हाताला धरून आणलंही होतं. हे गृहस्थ दोरी दिसली की ओढणारे. त्यांनी दोरी ओढली, कापड घसरलं, टाळ्या सुरू झाल्या आणि अर्ध्यात विरल्या. नगरसेवकांची बोर्डाकडे पाठ होती, म्हणून ते कलेच्या सेवेवर चार शब्द बोलून मोकळे झाले.

सात बायका बोर्डाकडे बघत उभ्या राहिल्या. लतामावशींनी पर्समधून चष्मा काढला, पुसला, डोळ्यांवर चढवला आणि आपल्या भोपळ्याखालची ओळ सावकाश वाचली. अक्काबाईंना खरंच दम लागला होता, तो मात्र रागाने. भाग्यश्रीमामी काहीतरी म्हणाल्या, ते इतक्या वरच्या पट्टीत की कुणालाच कळलं नाही. पुंजाराम जावयाजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "सोमवारपर्यंत कशाला थांबता. उद्याच कंपनीत जा."

सोमनाथने मान खाली घातली. त्याला वाईट वाटलं ते नोकरीचं नव्हे. महिनाभर त्या बायकांचं गाणं ऐकताना त्याला त्या फार आवडू लागल्या होत्या, आणि आता त्यांना वाटणार होतं की हा आपली टिंगल करत होता.

लतामावशी चष्म्यावरून त्याच्याकडे वळल्या. त्या तोंड उघडणार इतक्यात वाजतगाजत वरात फाटकाशी आली. पुढे होत्या नवरदेवाच्या थोरल्या आत्या, सटाण्याच्या गोजराबाई. त्यांनी हात वर करताच बँड थांबला. त्यांनी बोर्ड एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्याहाळला आणि या कोण बाया म्हणून विचारलं. नवरीकडच्या, असं कुणीतरी सांगितलं.

"मी नवरदेवनी आत्या शे," गोजराबाई म्हणाल्या. "मना फोटो कोठे शे?"

गोजराबाईंनी रस्त्याच्या कडेला एक खुर्ची मागवली आणि त्या बसल्या. त्यांच्यामागे वरपक्षाच्या बाकीच्या बायका उभ्या राहिल्या. ज्या बोर्डाचं अनावरण पुढाऱ्याच्या हस्ते होतं, त्यावर वरपक्षाचं एकही माणूस नाही, हा मानपानाचा प्रश्न होता. आत्याबाई आत जाईनात म्हणून घोडाही जाईना. घोड्यावरचा मयूर मुंडावळ्यांतून केविलवाणा होऊन बोर्डाकडे बघत राहिला, कारण त्यावर तोही नव्हता.

आणि इथे नवरीकडच्या बायकांचं एकदम मतपरिवर्तन झालं. समोरच्याला जे मिळालं नाही म्हणून तो रुसलाय, ती वस्तू आपल्यापाशी आहे म्हटल्यावर तिची किंमत कळायला वेळ लागत नाही.

"आमच्या जावयांनी स्वतःच्या हाताने काढलंय," लतामावशी मोठ्याने म्हणाल्या. "मला तानपुरा केलंय. बाकी सगळं गाणं त्याच्या आधारानं चालतं, म्हटलं. हलून कसं चालेल?"

अक्काबाई पेटीखाली जाऊन उभ्या राहिल्या आणि फोटो काढून घेऊ लागल्या. झांजवाल्या काकू सगळ्यांनंतर गेल्या. हे सगळं पाहून गोजराबाई खुर्चीत आणखी घट्ट बसल्या. भटजींनी आतून निरोप पाठवला की मुहूर्त जवळ आलाय.

पुंजारामांनी इकडेतिकडे पाहिलं. शब्द टाकावा असं तिथे कुणी नव्हतं. त्यांनी जावयाचा दंड धरला. "जावईबापू, तुम्हीच काहीतरी करा. माझी पोर आत बोहल्याशी उभी आहे हो."

त्या 'हो'ने सोमनाथ भानावर आला. बोर्डाच्या खालच्या कडेला दीपकने शुभेच्छुकांसाठी कोरी पट्टी सोडली होती. केटररचं टेबल ओढून तो त्यावर चढला आणि उज्वलाने पाकिटांवर नावं घालायला आणलेला जाड मार्कर घेतला. मग खाली वाकून तो गोजराबाईंना म्हणाला, "आत्याबाई, काढतो. पण आधी गाऊन दाखवावं लागेल. आवाज ऐकल्याशिवाय मला वाद्य कळत नाही."

गोजराबाई याच विनंतीची आयुष्यभर वाट बघत असाव्यात. त्यांनी बसल्या जागी मंगलाष्टकाची पहिली ओळ टाकली. तो आवाज निघाला आणि घोड्याने कान टवकारले, बँडवाल्याने हातातला कर्णा खाली घेतला. सोमनाथचा हात आपोआप चालू लागला. टेबलाखालच्या गर्दीला आधी नाक दिसलं, मग नथ, मग तिच्याभोवती गोंधळ्याचं खणखणीत संबळ. खाली त्याने नेहमीप्रमाणे खरं तेच लिहिलं, 'वाजलं की बाकीचे गप्प बसतात.'

लिहून झाल्यावर मात्र त्याच्या पायाखालचं टेबल डुगडुगलं. गोजराबाई उठून जवळ आल्या. त्यांनी आधी चित्र पाहिलं, मग भाचीकडून ओळ वाचून घेतली, मग पुन्हा चित्र पाहिलं.

"खरं शे," त्या म्हणाल्या आणि मागे वळून आपल्या बायकांना रांग लावायला सांगितलं.

आणखी चौघी गायल्या आणि बोर्डावर चढल्या. घोडा आत आला. पण आता एक नवाच पेच उभा राहिला. बोर्डावर वाद्य म्हणून लागलेल्या बारा बायका, आणि त्यांतली एकही गायल्याशिवाय खाली बसायला तयार नव्हती. एरवी अशा वेळी दोन्हीकडच्या बायका एकमेकींवर कडी करतात आणि वधूवर अंतरपाटाच्या दोन बाजूंना ताटकळत राहतात. भटजींनी पुंजारामांकडे बघून कपाळाला हात लावला.

सोमनाथने महिनाभर बांधलेलं सगळं तिथल्या तिथे सोडून दिलं. गोजराबाईंना त्यांच्या पट्टीवरून हलवणं शक्य नव्हतं, तेव्हा त्याने सगळ्यांनाच तिथे नेलं. लतामावशींनी तो षड्ज धरला आणि अर्थातच त्या हलल्या नाहीत. नवरीकडच्यांनी ओळ म्हणायची, नवरदेवाकडच्यांनी तिला उत्तर द्यायचं. अक्काबाईंना जिथे दम लागेल तिथे सटाण्याच्या दोघींनी उचलून घ्यायचं. भाग्यश्रीमामींना त्याने शेवटच्या ओळीला वर जायला सांगितलं आणि खाली यायची गरज नाही म्हणून बजावलं. झांजवाल्या काकूंना तर शेवटचं 'सावधान' एकटीलाच दिलं.

अंतरपाट धरला गेला. सोमनाथ मार्कर हातात धरूनच मागे उभा राहिला आणि त्याने खूण केली. बारा आवाज एका पट्टीत उठले. पाहुण्यांच्या मुठी अक्षता टाकायचं विसरल्या. स्वयंपाकाकडचे आचारी झारे घेऊन दारात आले. नवरीकडची ओळ संपली की गोजराबाईंचं संबळ उठे आणि मागून चौघी धावून येत. भाग्यश्रीमामी वर गेल्या आणि वरच राहिल्या. सगळं शांत झालं आणि मग काकूंचं एकटं 'सावधान' मांडवभर घुमलं. मुहूर्ताला अजून दोन मिनिटांचा अवकाश होता, तो येईपर्यंत सगळ्यांना थांबावं लागलं. भटजी म्हणाले, त्यांच्या हयातीत असं पहिल्यांदाच झालं. सोमनाथला समोरचं काही दिसेना. त्याने डोळे पुसले आणि मार्करचा काळा पट्टा गालावर ओढला गेला. त्याला इतका आनंद कधीच झाला नव्हता.

पंगतीत पुंजाराम कंपनीच्या साहेबांना घेऊन आले. सोमनाथने हातातला घास ताटात ठेवला.

साहेबांनी आधी त्याच्या गालाकडे पाहिलं. मग ते म्हणाले की नोकरीचं बोरस्ते बोलले होते, पण ते राहू द्या. दिवाळीनंतर त्यांच्या मुलीचं लग्न होतं, आणि त्यांच्याकडच्या बायकाही गायच्या. "मला बोर्ड पाहिजे, गाणं पाहिजे," साहेब म्हणाले. "पण अगदी आजच्यासारखंच. तो कापडाने झाकायचा, मग उघडायचा, मग ते रुसणं, सगळं. लोक एक मिनिट जागचे हलले नाहीत हो."

सोमनाथने प्रामाणिकपणे सांगितलं की बोर्ड आणि गाणं तो नक्की करून देईल. फक्त रुसण्याची खात्री त्याला देता येणार नाही, ते आज आपोआप झालं.

पुंजाराम पुढे सरसावले. त्यांनी जावयाच्या खांद्यावर हात ठेवला आणि साहेबांना म्हणाले, "त्याची काळजी करू नका, साहेब. आमचे जावई काढतील आणि गाऊनही घेतील. रुसायची माणसं मी घेऊन येतो."